डोळा लागला म्हणे

१

भिंतीला फार काही झालं नव्हतं. वळणावरच्या जुन्या कारखान्याची ती दगडी भिंत. तिचे दोन-चार कपचे उडाले, एवढंच. डायलिसिस सेंटरच्या गाडीचा डावा कोपरा चेपला, दिवा फुटला, आतली, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी फुटून हिरवं पाणी रस्ताभर सांडलं. आणि मागच्या सीटवर बसलेल्या ऑपरेटर बाईंचा डावा हात मोडला.

म्हातारपणी हात कुणाचाही मोडू शकतो. पण हा हात साधा नव्हता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या बाई दिवसाआड डायलिसिसला जात. डॉक्टरांनी शीर जोडून सुईसाठी तयार केलेला हात तोच. तो गेला म्हणून मानेत नळी घालावी लागली. माणसाचा दरवाजा मोडला आणि त्याला खिडकीतून ये-जा करायला सांगितलं, असा तो प्रकार.

डायलिसिस सेंटरच्या मॅनेजरनं अपघाताचं कारण शोधायला फार वेळ घेतला नाही. रिपोर्ट त्यानं बाईंच्या प्लास्टरच्याही आधी तयार केला. ‘चालकाचा डोळा लागल्यामुळे.’ तीन शब्दांत माणूस निकालात. चालकाला घरी बसवलं, त्याचा परवाना कायमचा रद्द व्हावा म्हणून शिफारस जोडली आणि कागद विमा कंपनीकडे गेले.

कंपनीनं पाठवलेली सर्व्हेअर बाई उंचीला बेताची, बोलायला त्याहून बेताची. तिची एक वाईट खोड होती. रिपोर्ट ती शेवटी वाचायची, माणसं आधी.

ती सरळ चालकाच्या घरी गेली. सगळे पेशंट त्याला मामा म्हणत. बऱ्याच पेशंटांपेक्षा तो वयानं लहान, तरी मामाच. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच सुनावलं, “झोपला होता का, एवढंच विचारायला आला असाल तर ते बाहेरूनच विचारा. रोज कुणीतरी विचारून जातं. अपघात झाल्यापासून या माणसाच्या डोळ्याला डोळा नाही, आणि आरोप काय, तर झोपेचा.”

“आतच विचारते,” सर्व्हेअर बाई म्हणाली, आणि समोर बसून तिनं खरंच विचारलं. “मामा, झोपला होतात?”

मामानं आपल्या तळहातांकडे पाहिलं.

“बहुतेक,” तो म्हणाला.

२

“बहुतेक म्हणजे?” बायको उसळली.

“अगं, वळण आठवतं. पुढे बाईंचं कण्हणं आठवतं. मधलं काही आठवत नाही. सगळे म्हणतात झोपलो, तर झोपलो असेन.”

“त्याआधीचं सांगा,” सर्व्हेअर बाई म्हणाली. “गाडी कशी होती?”

इथं मामाच्या पाठीचा कणा जरा सरळ झाला. गाडीबद्दल बोलताना तो आरोपी राहत नसे.

“होडी झाली होती तिची. स्पीडब्रेकर ओलांडला की साधी गाडी एकदा हलते आणि गप बसते. ही हलतच राहायची. ब्रेक मारला की नाक खाली घालायची, वळणावर अंग टाकायची. खडबडीत रस्ता आला की पुढची चाकं जमीन सोडून नाचतायत असं स्टिअरिंगवर कळायचं. मॅनेजरसाहेबांना सांगितलं, शॉकअप गेलेत, बदला. म्हणाले, गाडी जुनी, पेशंट जुने, थोडं हलणारच.”

“मग?”

“मी रोज तेच म्हणायला लागलो, तेव्हा एकदा म्हणाले, काल तुझ्या सुट्टीत गॅरेजवाल्या उस्तादकडून दोन्ही पुढचे शॉकअप नवे बसवून घेतले. टायरसुद्धा तेव्हाच नवे टाकले.”

“मग गाडी सुधारली?”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. “सांग ना. मला सांगितलंस तसं सांग.”

“मला तर तशीच लागायची,” तो खाली मान घालून म्हणाला. “साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, नवे पार्ट घालूनही तुला हलतंय तर डोकं तपासून घे, गाडी नको. मलाही वाटलं, वय झालं असेल. हाताची पारख गेली असेल.”

माणसाची नोकरी काढून घेणाऱ्याला निदान आपण काय घेतलं ते ठाऊक असतं. हाताची पारख काढून घेणाऱ्याकडे त्याची नोंदसुद्धा नसते.

सर्व्हेअर बाई तिथून सेंटरच्या मागच्या शेडकडे गेली. गाडी तिथं कुलपात होती आणि कुलपाची किल्ली मॅनेजरच्या केबिनमधल्या खिळ्याला. शिपायानं शेड उघडून दिली. तिनं पर्स खाली ठेवली, पुढच्या उजव्या मडगार्डवर दोन्ही तळहात टेकले, सगळं वजन टाकून गाडी दाबली आणि एकदम सोडली. शॉकअप गेलेले असतील तर गाडी खाली-वर, खाली-वर होत राहते. कुणालाही करता येण्यासारखी परीक्षा आहे ही.

गाडी एकदा वर आली आणि शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी उभी राहिली.

चेपलेल्या डाव्या बाजूलाही तिनं तेच केलं. तिकडेही तेच. शॉकअप ठणठणीत होते. म्हणजे मामाचा हात खोटं सांगत होता.

३

मॅनेजर खुशीत आला. तो खुशीत आला की टेबलावरचा पेपरवेट फिरवायचा.

“मी काय म्हणत होतो? पार्ट नवे, टायर नवे, गाडी नीट. राहिलं काय? चालवणारा. तुम्ही उस्तादलाच विचारा ना.”

उस्ताद गॅरेजवाला निरोप जाताच हजर झाला, जणू निरोप यायच्या आधीच निघाला होता. मागच्या गल्लीतच त्याचं गॅरेज. धिप्पाड गडी, हाताला ग्रीस, बोलण्याला त्याहून जास्त. त्यानं शॉकअप बसवल्याचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र पुढे केलं.

“बाई, कागदावर विश्वास नसेल तर गाडीवर ठेवा,” तो म्हणाला आणि शेडमध्ये जाऊन त्यानं बॉनेट उघडलं. “हे बघा. चाकांच्या वर, दोन्ही बाजूंना, शॉकअपचं डोकं इथं बॉडीला नटांनी आवळलेलं असतं. प्रत्येक नटावर पिवळी रेघ दिसते?”

दिसत होती. नटाच्या माथ्यावरून निघून शेजारच्या पत्र्यावर उतरलेली, ठसठशीत, सरळ रेघ.

“ही माझी सही. नट पुरा आवळला की मी स्वतः रेघ मारतो. नट पुढे ढिला झाला तर रेघ तुटते, लगेच कळतं. बापानं शिकवलेली पद्धत. माझ्या हाताखालून रेघेशिवाय नट बाहेर पडला, असं आजवर झालं नाही. सवयच आहे. झोपेत आवळला तरी झोपेत रेघ मारीन.”

“फार चांगली पद्धत आहे,” सर्व्हेअर बाई मनापासून म्हणाली. “दुसऱ्या कुणाची नसते ना ही?”

“या गावात? मीच एकटा.” उस्तादची छाती आणखी रुंदावली.

ती बॉनेटखाली वाकून बघत राहिली. डावीकडची टाकी फुटून उडालेलं कूलंट वाळलं होतं. नळ्या, पत्रा, नटांच्या आजूबाजूची जागा, सगळीकडे हिरवट शिंतोड्यांची पुटं. मग ती खाली बसली आणि डाव्या चाकाच्या मागे टॉर्च मारला. तिथेही हिरवे ओघळ. त्यांच्या मधोमध नवा शॉकअप काळाभोर चमकत होता.

तिनं टायरच्या नक्षीवरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. डोळे मिटून, आई पोराचं कपाळ चाचपते तशी.

“टायर नवे म्हणालात. मग हे खळगे कसले? थोड्या थोड्या अंतरावर झिजलाय, मधे उंचवटा, मग पुन्हा खळगा.”

“हवा कमी ठेवली असेल मामानं,” उस्ताद म्हणाला.

“हवा कमी असली तर दोन्ही कडा झिजतात. असे खळगे चाक नाचत गेलं तर पडतात.”

उस्तादनं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरचा पेपरवेट केबिनमध्येच राहिला होता, त्यामुळे त्याच्या बोटांना आता काही काम नव्हतं.

“रस्ते कसे आहेत, बघताय ना,” तो म्हणाला. “तुमचं काम झालं असेल तर...”

“झालंच. फक्त या गाडीतून ये-जा करणारे पेशंट कुठे भेटतील?”

“पेशंट?” मॅनेजर हसला. “त्यांना कशाला? त्या लोकांना सगळंच हलल्यासारखं वाटतं.”

अपघाताला आठवडा होत आला होता. गाडीत बसलेल्या माणसांना तोवर एकानंही काही विचारलं नव्हतं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. “मलाही वाटतंय,” ती म्हणाली.

४

कॅशिअर आजोबा डायलिसिसच्या खुर्चीत पाय पसरून पडले होते. आयुष्य बँकेच्या जाळीमागे गेलेलं. अजूनही बोलताना समोरच्याला पावती दिल्यासारखं बोलत.

“गाडीबद्दल ना? लिहून घे. माझी तक्रार चहाची आहे.”

“चहाची?”

“पोरी, आम्हाला पाणी मोजून मिळतं. मूत्रपिंडं कामातून गेलीत, जास्त प्यायलं तर छातीत साठतं. त्या मापातून मी अर्धा कप चहा वाचवतो. डायलिसिस झालं की अंगातलं त्राण गेलेलं असतं, तेव्हा परतीच्या वाटेवर गाडीत पितो. दिवसाचं सुख म्हण, काय म्हणशील ते म्हण. गाडी हलायला लागल्यापासून तो चहा माझ्या सदऱ्यानं प्यायला, मी नाही. स्पीडब्रेकर गेला की मी मनात म्हणायचो, थांबली आता. कप उघडला की ही पुन्हा डुलायची.”

“नवे शॉकअप घातल्यावर थांबलं असेल.”

“कुणी घातले?” आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. “अपघाताच्या दिवशी सकाळी मी त्याच गाडीतून घरी गेलो. सदरा बघायचाय? सूनबाईनं अजून डाग काढला नाही. मॅनेजरला मी तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, आजोबा, तुमचा हात थरथरतो.” त्यांनी सुई नसलेला हात हवेत धरला. हात खांबासारखा स्थिर होता. “याच हातानं नोटा मोजल्या मी. थरथरतो म्हणे.”

शेजारच्या खुर्चीत ऑपरेटर बाई होत्या. गळ्यापाशी नळी, हाताला प्लास्टर. आवाज मात्र अजून ट्रंक कॉल जोडण्याइतका खणखणीत.

“काय गं, मामाला झोपवायला आलीस का तूही?”

“नाही. बाई, वळणावर काय झालं?”

“अखेर विचारलंस. वळणावर रस्त्याला लाटा पडल्यात, पत्र्याच्या छपरासारख्या. मामानं गाडी आधीच हळू केली होती. लाटांवर चढलो आणि गाडी थडथड उडायला लागली. मग बाजूला सरकली, जमिनीला धरायचंच सोडलं तिनं. मामा स्टिअरिंग उलटं ओढत होता, आणि ओरडला, ‘बाई, घट्ट धरा.’ मी धरलं म्हणून हातावर निभावलं. नाही तर डोकंच होतं. झोपलेला माणूस असं ओरडतो?”

“हे तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?”

“जन्मभर लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि माझा फोन कुणी उचलेना. मॅनेजर फुलं घेऊन आला होता. मी बोलायला लागले तर म्हणतो, ‘आराम करा, बाई, तुम्हाला धक्का बसलाय.’”

सर्व्हेअर बाई खुर्चीच्या कडेला टेकली. नवे टायर खळगे पडेपर्यंत नाचले होते. मामाच्या हाताला गाडी हललेली कळत होती, आजोबांच्या सदऱ्याला कळत होती, बाईंच्या मोडक्या हाताला तर कळलीच होती. भिंतीवर आपटेपर्यंत गाडीचे शॉकअप गेलेले होते. आणि आज शेडमध्ये ते उत्तम होते.

“म्हणजे काय,” आजोबा म्हणाले, “गाडी भिंतीवर आपटून बरी झाली?”

सर्व्हेअर बाई उठली. तिला ते पिवळं आणि हिरवं पुन्हा एकदा पाहायचं होतं. पण त्याआधी मागच्या गल्लीत एक चक्कर मारायची होती.

५

दुपारी शेडसमोरच्या अंगणात मंडळी जमली. सेंटरच्या मालक डॉक्टरीणबाई घाईत होत्या. मॅनेजर त्यांच्याहून घाईत. उस्तादला कसलीच घाई नव्हती, आणि ते त्यानं मुद्दाम दाखवलं. मामा बायकोबरोबर येऊन लांबच्या बाकावर बसला होता, बोलावलेल्या पाहुण्यासारखा नाही, पकडून आणलेल्यासारखा. डायलिसिस आटोपून ऑपरेटर बाई आणि आजोबाही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना हटकायची हिंमतही कुणात नव्हती.

सर्व्हेअर बाईच्या हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि बॉनेट उघडलं.

“उस्ताद, ही रेघ तुमची?”

“सांगितलं ना.”

“कधी मारलीत?”

“शॉकअप बसवले तेव्हा. अपघाताच्या कितीतरी आधी.”

“डॉक्टर, तुम्हीच बघा. हे हिरवं कूलंट भिंतीवर आपटल्यावर उडालं. अपघाताआधी ते टाकीत होतं. आता ही पिवळी रेघ बघा. रेघ आधीची असेल तर हिरवे शिंतोडे तिच्यावर पडायला हवेत. पण इथं हिरवं खाली आहे आणि पिवळं वर.”

डॉक्टरीणबाई वाकल्या. नखानं त्यांनी रेघेची कड खरवडली. पिवळा पापुद्रा निघाला आणि त्याखाली हिरवट पूट निघालं. त्यांची घाई तिथंच संपली.

“म्हणजे हा नट अपघातानंतर आवळलाय,” त्या सावकाश म्हणाल्या.

“आणि आवळणाऱ्याच्या हातानं सवयीनं रेघही मारली. उस्ताद, तुमच्या बापानं शिकवलेली पद्धत खरंच चांगली आहे. ती खोटं बोलत नाही.”

“मी... नट तपासले होते नंतर. ढिले वाटले,” उस्ताद म्हणाला.

“ठीक. मग शॉकअप अपघाताच्या वेळी याच जागी होता?”

“याच जागी.”

“काढा तो.”

“आत्ता?”

“आत्ता. पाना मी आणलाय.”

उस्तादनं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर आकाशाकडे बघत होता. तिथं विशेष काही नव्हतं. चाक निघालं, नट निघाले, नवा शॉकअप बाहेर आला. त्यावर हिरव्याचा एक ठिपका नव्हता. आणि त्याच्यामागे पत्र्यावर हिरव्या ओघळांच्या मधोमध एक कोरी उभी पट्टी होती, भिंतीवरचं कपाट हलवल्यावर दिसते तशी.

“ओघळ इथं अडला,” सर्व्हेअर बाई म्हणाली. “ज्यानं अडवला त्याच्या अंगावर तो असायला हवा.” तिनं वर्तमानपत्र सोडलं. आत जुना शॉकअप होता, तेलानं ओलागच्च, धूळ बसून काळा चिखल झालेला. आतलं तेल असं बाहेर आलं की शॉकअपमध्ये काही उरत नाही, नुसता लोखंडी सांगाडा. आणि त्या चिखलावर एका बाजूनं हिरवे ओघळ वाळले होते. “सकाळी उस्तादच्या गॅरेजमधल्या भंगारातून आणला. तिथल्या कामगारानंच काढून दिला. म्हणाला, कालच आलाय.”

तिनं तो रिकाम्या जागेत धरला. पत्र्यावरचे ओघळ आणि त्याच्यावरचे ओघळ फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे जुळावेत तसे जुळले.

आधी तोंड उघडलं ते उस्तादनं, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. “गाडी माझ्याकडे आलीच नव्हती. साहेब म्हणाले, सेंटरला मान्यता देणारी समिती येतेय, गाडीची कागदपत्रं पूर्ण हवीत. टायर मी शेडमध्येच बदलले. शॉकअपला गाडी दिवसभर उभी ठेवायला लागते, तर साहेब म्हणाले, ती मोकळी नाही, पुढच्या आठवड्यात पाठवतो. तोवर प्रमाणपत्र दे. मी दिलं. गाडी काही आली नाही. काल साहेबांनी फोन केला, सर्व्हेअर येतेय, येऊन बसवून जा.”

“शेडची किल्ली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

उत्तराची गरज नव्हती. खिळा एकाच केबिनमध्ये होता.

“मॅडम, गाडी एक दिवस बंद ठेवली असती तर पेशंटांची गैरसोय झाली असती,” मॅनेजर म्हणाला. “मी त्यांचाच विचार केला. आणि शेवटी कुणी मेलं तर नाही.”

ऑपरेटर बाई पुढे आल्या. “माझ्याकडे बघून बोला. जी माणसं एकेक दिवस मागून आणतात, त्यांच्या नावावर तुम्ही गाडीचा एक दिवस वाचवलात? आम्ही हलतंय म्हणालो तर आम्ही म्हातारे. मामा म्हणाला तर त्याचं डोकं फिरलं. आणि गाडी खरीच आपटली तेव्हा तुम्ही पार्ट बदललेत, पण मामाच्या नावापुढची ओळ नाही बदललीत. कालही बदलू शकला असतात. पाना हातात होता तुमच्या माणसाच्या.”

आजोबा पुढे झाले. “आणि माझा हात थरथरत नाही,” ते म्हणाले. “ते पण लिहा.”

डॉक्टरीणबाईंनी मॅनेजरकडून किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला आणि त्याला केबिनमध्ये जाऊन बसायला सांगितलं. तो रिपोर्ट आता त्याच्याच हस्ताक्षरात पुन्हा लिहायचा होता, परवान्याची शिफारस मागे घेऊन. उस्तादचा जबाब सर्व्हेअर बाई तिथंच बॉनेटवर कागद ठेवून लिहून घ्यायला लागली. तो तिला प्रत्येक शब्दागणिक थांबवत होता आणि ती त्याला प्रत्येक शब्दागणिक पुढे ढकलत होती.

मध्येच मामा बाकावरून उठून गाडीपाशी आला. तिचा जुना शॉकअप त्यानं हातात घेतला. दांडा दाबला; तो काही न अडता आत गेला आणि वर येईना. मामानं पुन्हा ओढून पुन्हा दाबला.

“हेच कळत होतं मला,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला. मग सर्व्हेअर बाईकडे वळला. “म्हणजे वळणावर मी...”

“जागे होता. ‘बाई, घट्ट धरा’ म्हणालात. ज्यांना म्हणालात त्याच सांगतायत.”

मामानं ऑपरेटर बाईंकडे पाहिलं. त्यांनी फक्त मान डोलावली. तो शॉकअप नीट खाली ठेवून परत बाकावर जाऊन बसला, भिंतीला डोकं टेकून.

जबाब पुरा झाला तेव्हा ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरलं होतं. सर्व्हेअर बाई कागद घेऊन मामाची सही घ्यायला निघाली. “मामा, इथं जरा...”

“श्श,” बाकाशेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटर बाईंनी प्लास्टरचा हात आडवा धरला. मामाची मान बायकोच्या खांद्यावर कलंडली होती, तोंड किंचित उघडं.

“राहू दे सही,” त्या हलकेच म्हणाल्या. “आत्ता कुठे डोळा लागलाय.”